दिवाणखान्यातला समुद्र स्वस्त कसा झाला?

दहावीची परीक्षा संपली आणि माझ्या मामेभावाने घरात खाऱ्या पाण्याचा एक लहानसा टँक लावण्याचा निश्चय जाहीर केला. गप्पी आणि सोनमासे त्याने पूर्वी पाळले होते. आता त्याला समुद्र हवा होता. पैसे बेताचे, जागा खिडकीजवळच्या स्टुलाएवढी. दुकानातून विचारून आणलेल्या किमतींची यादी त्याने माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “ताई, वीज नव्हती, पंप नव्हते, मिठाची तयार पाकिटं नव्हती, तेव्हा लोक हे कसं करायचे?”

मी इतिहासाची विद्यार्थिनी. मासे पाळण्यातले मला फारसे कळत नाही. तथापि हा प्रश्न इतिहासाचाच होता, आणि तो बारकाईने पाहू लागल्यावर ध्यानात आले की त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: घरातला समुद्र जेव्हा जेव्हा स्वस्त झाला, तेव्हा उरलेली किंमत कोणी मोजली? आजचा धागा त्याविषयी.

आधी अडचण नीट समजून घेऊ. समुद्रकाठच्या माणसाला खारे पाणी फुकट मिळते. पण त्यातला एखादा जीव बरणीत घालून घरी आणला तर तो दोन-चार दिवसांत मरतो आणि पाणी नासते. लाटा पाण्यात सतत हवा घुसळत असतात. बरणीत लाटा नसतात. जीवांच्या विष्ठेतून, उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो, बरणीत साठत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यातले रसायन कोणाला धड ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो एकच उपाय: पाणी बदलत राहा. म्हणजेच घरात समुद्र ठेवण्याचा खर्च हा मुख्यतः पाणी वाहून आणण्याचा खर्च होता.

हा खर्च ज्यांना परवडत असे, त्यांचे जीव जगत. स्कॉटलंडमधील एडिंबरोचे सर जॉन ग्रॅहम डॅलियेल हे अशांपैकी एक. 1828 साली त्यांनी नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणले. (समुद्रफूल दिसते फुलासारखे, पण तो खडकाला चिकटून राहणारा, मऊ शुंडांनी भक्ष्य पकडणारा प्राणी आहे.) साध्या काचेच्या भांड्यात ते ठेवलेले असे आणि समुद्राचे ताजे पाणी हमालाकरवी नियमित आणवले जाई. डॅलियेल 1851 साली वारले; समुद्रफूल मात्र जगले. एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे असे हस्तांतरित होत ते 1887 पर्यंत टिकले, आणि ‘ग्रॅनी’ या नावाने इतके प्रसिद्ध झाले की ते मेल्यावर वृत्तपत्रात मृत्युलेख आला. ज्या हमालाच्या खांद्यावरून तिचे पाणी आले, त्याच्यावर कोणी मृत्युलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

याच सुमारास दूर दक्षिणेस, सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात, झन विलप्रू-पॉवर नावाची फ्रेंच स्त्री वेगळ्या मार्गाने हेच करीत होती. ती मूळची पॅरिसमधली शिवणकाम करणारी. लग्नानंतर मेसिनाला आली आणि स्वतःच्या बळावर निसर्गाची अभ्यासक झाली. आर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या कुळातला एक जीव पातळ कागदासारख्या शिंपल्यात राहतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की शंखखेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावलेला, हा त्या काळचा मोठा वाद होता. 1832 पासून तिने या जीवांना काचेच्या टाक्यांत आणि समुद्रात नांगरलेल्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांचे निरीक्षण केले, आणि शिंपला त्यांचा स्वतःचाच असतो हे सिद्ध केले. समुद्र दाराशी असल्याने पाण्याचा खर्च तिला पडत नव्हता. पुढे तिचा बराचसा संग्रह आणि कागदपत्रे लंडनकडे जात असता जहाजासकट बुडाली. अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरण्याचा मान आज तिला दिला जातो. पण समुद्रापासून दूर, धुराने काळवंडलेल्या शहरात राहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच.

तो प्रश्न ज्या व्यक्तीपुढे उभा राहिला, ती इतिहासात फारशी चर्चिली जात नाही. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची पत्नी. 1846 साली ती टॉर्की येथे सुटीसाठी गेली असता तिला मॅड्रिपोर, म्हणजे कठीण सांगाड्याचे एकांडे प्रवाळ, सापडले. ते लंडनला न्यायचे तिने ठरवले. प्रवासात धक्के बसू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते स्पंजाला टाके घालून बांधले आणि दगडी बरणीत समुद्राच्या पाण्यात ठेवले. प्रवाळ जिवंत पोहोचले. प्रारंभी ती समुद्राचे ताजे पाणी मागवीत असे. पुढे पाण्याचा तुटवडा पडला, तेव्हा तिने एक युक्ती केली: तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे ओतत राहायचे. रोज अर्धा ते पाऊण तास.

ओतायचे कोणी? घरातल्या मोलकरणीने. ॲनाने पुढे या प्रयोगांवर लेख लिहिला, तो 1859 साली प्रसिद्ध झाला. त्यात तिने प्रामाणिकपणे नोंदवले आहे की हे काम थकवणारे होते खरे, परंतु आपल्याकडची लहानगी मोलकरीण आज्ञाधारक होती आणि तिला त्यात गंमतही वाटत असे. ती मुलगी त्या लेखात निनावीच येते. तिला खरोखर गंमत वाटत होती का, हे आपल्याला तिच्या तोंडून कधीच कळणार नाही. कळते ते इतकेच की आज माझ्या मामेभावाच्या यादीत ‘एअर पंप’ म्हणून जी ओळ आहे, तिथे 1846 साली एक मुलगी उभी होती.

1847 साली ॲनाने त्याच भांड्यांत समुद्रशैवाल सोडून पाहिले, आणि ही बाब निर्णायक ठरली. हिरवी वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले होते. पण त्या ज्ञानाचा खाऱ्या पाण्याच्या भांड्यात, घरात, सातत्याने उपयोग करून घेणारी ती बहुधा पहिली. हवा देण्याचे काम काही अंशी शैवालाकडे गेले. तिचे प्रवाळ दोन वर्षांहून अधिक काळ लंडनमध्ये जगले आणि वाढलेही.

इथे थोडे विषयांतर करते. काचेत बंदिस्त जग स्वतःच स्वतःला जगवू शकते, ही कल्पना त्या काळच्या लंडनमध्ये हवेतच होती. 1829 साली नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष एका बंद बाटलीत ओलसर मातीवर ठेवला. पतंगाचे काय झाले ते बाजूला राहिले, पण त्या मातीतून नेचे उगवले आणि पाणी न घालता जगले. त्यातून ‘वॉर्डियन केस’ ही काचेची पेटी निघाली. दिवाणखान्यात ती शोभेची वस्तू ठरली, आणि जहाजावर साम्राज्याचे हत्यार: रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून. 1845 साली ब्रिटनमधला काचेवरील अबकारी कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या घरात काचेची टाकी येण्याची पहिली अट अशी एका अर्थसंकल्पाने पुरी केली.

दुसरी अट रसायनाची. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधला व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. 1849 साली त्याने सुमारे तेरा गॅलनच्या टाकीत दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे श्वास घेत, वनस्पती प्राणवायू देई. तरी पाणी गढूळ होऊ लागले, कारण वनस्पतीची जुनी पाने कुजत होती. तेव्हा त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, काच स्वच्छ केली, आणि त्यांची अंडी व पिले माशांचे अन्न झाली. वनस्पती, प्राणी आणि झाडूवाला असा हा त्रिकोण त्याने 1850 साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. हीच ती ‘संतुलित टाकी’ची कल्पना. 1852 पासून त्याने हाच प्रयोग खाऱ्या पाण्यात केला. तांबडी समुद्रशैवाले दिसायला सुरेख, पण टाकीत ती सडतात आणि साधी हिरवी उल्व्हा टिकते, हे त्याला बऱ्याच नुकसानीनंतर कळले. गोगलगायीच्या जागी किनाऱ्यावरची विंकल ही लहान शंखगोगलगाय आली. आजही दुकानदार नवशिक्याला ‘क्लीनिंग क्रू’ म्हणून गोगलगायी घ्यायला सांगतात. त्या सल्ल्याला पावणेदोनशे वर्षे होत आली.

त्याच 1852 साली, वॉरिंग्टनपासून स्वतंत्रपणे, फिलिप हेन्री गॉस हा निसर्गलेखक प्रकृती बिघडल्याने डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला होता. या धाग्याचा नायक म्हणा वा खलनायक, तो हाच. मला तो दोन्ही वाटतो. किनाऱ्यावरील खडकांतल्या डबक्यांचे त्याने जे वर्णन केले, ते वाचून लोकांना समुद्र नव्याने दिसू लागला. 1853 च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ हे जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातले कित्येक जीव गॉसने गोळा करून पाठवले होते. पुढच्याच वर्षी त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले, आणि तोवर ‘ॲक्वॅटिक व्हिव्हेरियम’ अशा बोजड नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूला सुटसुटीत नाव मिळाले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. पण भाषेत वापर जिंकतो.

आता मुख्य खर्चाकडे येऊ. शैवालामुळे पाणी वारंवार बदलण्याची गरज कमी झाली, तरी पहिल्यांदा भरायला समुद्राचे पाणी लागेच. ते पिंपातून रेल्वेने मागवायचे म्हणजे भाडे आले. शिवाय पिंपात पूर्वी दारू वा तेल असेल तर सगळेच मुसळ केरात. 1854 साली गॉसने विचार केला की समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण उपलब्ध आहे, तर उलट दिशेने जाऊन ते पाणी घरीच का करू नये? त्याची कृती अशी: खायचे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबासाठी घरोघरी ठेवतात ते, पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड 200 ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड 40 ग्रेन, आणि पाणी चार क्वार्टला किंचित कमी. आपल्या मापांत सांगायचे तर साडेचार लिटरच्या आतबाहेर पाण्यात जवळजवळ 100 ग्रॅम मीठ, 7 ग्रॅम एप्सम, 13 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. चुनखडीचा अंश त्याने मुद्दाम घातला नाही. लंडनच्या नळाच्या पाण्यात तो असतोच, असा त्याचा हिशेब होता.

मी बेरीज करून पाहिली. लिटरमागे 27-28 ग्रॅम क्षार होतात. खुल्या महासागरात ते सुमारे 35 ग्रॅम असतात. म्हणजे गॉसचा समुद्र थोडा फिका होता. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव पाऊस आणि ऊन दोन्ही झेलणारे, चिवट. त्यांनी तो चालवून घेतला. नुसत्या मिठाच्या पाण्यात हे जीव का जगत नाहीत याचे उत्तरही याच कृतीत आहे. वजनाने थोडे असलेले मॅग्नेशियम आणि पोटॅशियम गाळले तर उरते ती खारवणी, समुद्र नव्हे. मामेभावाला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच: स्वयंपाकघरातल्या मिठावर पैसे वाचवू नकोस.

परंतु त्या कृतीहून मला मोलाचे वाटते ते गॉसने त्यानंतर जे केले, किंवा खरे तर जे केले नाही, ते. पाणी तयार झाल्यावर त्याने त्यात जीव सोडले नाहीत. तळाशी किनाऱ्यावरचे गोटे आणि वाळू, त्यावर उल्व्हा चिकटलेले दगड इतकेच ठेवले आणि उजेडात थांबला. काचेवर हिरवट थर धरला, उन्हात प्राणवायूचे बुडबुडे दिसू लागले. सुमारे आठवड्याने त्याने पहिले प्राणी आत सोडले. आधी वनस्पती, मग प्राणी, हा निसर्गाचा क्रमच आहे असे त्याचे समर्थन होते. गॉस हा कट्टर धार्मिक मनुष्य. सृष्टीच्या निर्मितीचा क्रम त्याच्या डोळ्यांपुढे असणारच. कारण अपुरे होते, कृती मात्र बरोबर होती. ते कसे, याकडे पुढे येते.

1855 साली त्याने लहानशी, स्वस्त मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि इंग्लंडला या छंदाचे वेड लागले. ज्यांना पाटीदगडाचा तळ आणि लोखंडी चौकट असलेली टाकी परवडत नसे, ते माळ्यांची घंटेच्या आकाराची काच उलटी करून लाकडी बैठकीवर बसवत. कमी खर्चातला पहिला समुद्र तो हाच. चौकोनी टाक्यांची एक गोम होती: काचा जोडायच्या लांबीत शिसे असे आणि ते पाण्यात उतरून जीव मरत, म्हणून नवी टाकी कित्येक दिवस पाण्याने भरून, उपसून, पुन्हा भरून ठेवावी लागे. बाष्पीभवनाने पाणी उडते पण क्षार उडत नाहीत, म्हणून पातळीची खूण करून कमी झालेली भर गोड्या पाण्याने घालायची, हेही तेव्हाच्या पुस्तिकांत आढळते. आज नवशिके नेमकी इथेच चूक करतात आणि कमी झालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारेच पाणी ओततात.

लंडनमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने टाक्या, तयार क्षार आणि जिवंत जीव विकणारे दुकान थाटले. सामान्य स्थितीतून वर आलेला हा माणूस. 1858 साली त्याने काढलेली किंमतपत्रिका शंभरावर पानांची होती. एका हौशी माणसाने विचारावे आणि दुकानदाराने यादी पुढे करावी, हे नाते तेव्हापासूनचे आहे.

आणि मग समुद्रकाठाची पाळी आली. गॉसच्या पुस्तकांत किनारा कसा शोधावा याच्या सूचना होत्या: ओहोटीच्या वेळी जा, हातोडी आणि छिन्नी न्या, समुद्रफूल ओरबाडू नका, ते ज्या खडकाला चिकटले आहे त्याचा तुकडाच काढा. एकट्याने केले तर ही काळजी होती. आगगाडीने उतरणाऱ्या हजारोंनी केले तेव्हा तो विध्वंस झाला. घरी नेलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मरत: टाकीत गर्दी फार, उन्हाळ्यात पाणी तापे, दगडामागे एखादा शिंपला मरून कुजे आणि कोणाला पत्ता नसे. मेलेल्यांच्या जागी नवे आणले जात. 1868 साली जे. जी. वुड या लोकप्रिय लेखकाने मागे वळून पाहिले, तेव्हा हे वेड येऊन गेलेले होते आणि बहुतेक टाक्या टाकून दिलेल्या होत्या.

गॉसचा मुलगा एडमंड बापाबरोबर या खडकांवर वाढला. त्याने 1907 साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात नोंदवले आहे की त्याच्या बालपणी दिसलेली ती किनाऱ्याभोवतीची जिवंत मेखला पुन्हा कोणाला दिसणार नाही, आणि ती नष्ट करण्यास आपली पुस्तके कारण झाली याचे दुःख बापाला होते. पाणी वाहणाऱ्या हमालाचे आणि ते ओतणाऱ्या मुलीचे श्रम रसायनाने वाचवले. उरलेली किंमत डेव्हनच्या खडकांनी चुकती केली.

दुकानदार लॉइडचेही दिवाळे निघाले. पण त्याने हार मानली नाही. पुढे त्याने 1864 साली हॅम्बुर्गचे, 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभे केले, आणि तिथे त्याचे एक सूत्र दिसते: दर्शनी टाक्यांत जितके पाणी, त्याच्या कित्येक पट पाणी खाली अंधाऱ्या हौदात, आणि ते सतत फिरते. पाणी बदलायचेच नाही. लहान टाकी विकत घ्यायला स्वस्त, पण सांभाळायला कठीण, हा त्यातला मथितार्थ. पाणी जितके अधिक, तितक्या चुका पोटात घेते. मामेभावाने स्टुलावर मावेल असा वीस लिटरचा टँक ठरवला होता. लॉइडची कहाणी सांगून मी त्याला निदान साठपर्यंत नेले. स्टूल गेले, त्याजागी जुने लोखंडी टेबल आले.

आता गॉसच्या त्या थांबण्याकडे. वॉरिंग्टनच्या त्रिकोणात एक कोपरा हरवलेला होता. अमोनियाचे होते काय, हे त्याला माहीत नव्हते. योगायोग पाहा: हे कोडे उलगडण्यात ज्यांचा वाटा आहे, त्यांत त्याच्याच मुलाचे, धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टनचे नाव येते. तो शेतीचा रसायनशास्त्रज्ञ, रॉथमस्टेडच्या प्रयोगशेतीवर काम करणारा. 1877 साली श्लोसिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले की सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर जिवाणू करतात. धाकट्या वॉरिंग्टनने मातीवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हे दोन टप्प्यांत घडते हे पुढे आणले: अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्हींचे कर्ते वेगळे. त्या जिवाणूंना वेगळे काढण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की याने साधले. बापाच्या टाकीत जे अदृश्य काम चालले होते, ते मुलाने शेतातल्या मातीत ओळखले.

हे जिवाणू दगडांवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती वाढायला वेळ लागतो. गॉस शैवालासाठी थांबला होता. त्याच्या नकळत ही वस्तीही तेव्हा रुजू लागली असणार. आज आपण ज्याला टाकी ‘सायकल’ करणे म्हणतो ते हेच, आणि त्याला आठवडा पुरत नाही. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कमी खर्चात टँक लावणाऱ्याच्या यादीत ही एकच बाब फुकट आहे, आणि अनुभवी लोक सांगतात की नवशिका नेमकी हीच वगळतो. पहिल्याच दिवशी मासे सोडायचे, आठवड्यात ते अमोनियाने मारायचे, मग पुन्हा विकत आणायचे. 1858 सालच्या ग्राहकाचे वर्तन याहून वेगळे नव्हते.

विसाव्या शतकाची गोष्ट थोडक्यात सांगते. विजेचे पंप आले, सिलिकॉनने जोडलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या आल्या, 1960 च्या दशकात कृत्रिम समुद्रक्षारांची पाकिटे बाजारात आली. पण माझ्या मते सर्वांत साधी आणि स्वस्त क्रांती 1961 साली जाकार्तामधल्या ली चिन एंग या गृहस्थाने जगापुढे मांडली. त्याच्या पद्धतीत गाळणी नव्हती. समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्म जीव आहेत असे प्रवाळखडक, थोडा सूर्यप्रकाश आणि बुडबुड्यांची एक बारीक धार, बस. प्रवाळही त्यात जगत. वॉरिंग्टन पितापुत्रांचे सगळे ज्ञान त्या दगडांत आपोआप भरलेले होते.

आणि पुन्हा तेच झाले. ही पद्धत जगभर गेली आणि दगड टनावारी उपसले जाऊ लागले. फिजीसारख्या बेटांवरून ते जहाजाने, विमानाने श्रीमंत देशांत गेले. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून मासे पकडण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची पद्धत पसरली: मासा गुंगून हाती लागतो, प्रवाळ मरतो. टॉर्कीच्या जागी आता दुसरे किनारे होते, एवढाच फरक.

आपल्याकडे मुंबईकरांना खाऱ्या पाण्यातले जग प्रथम काचेपलीकडून दाखवले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने, 1951 साली. समुद्र रस्त्यापलीकडेच. घरगुती टँक लावणाऱ्यांची संख्या त्यामानाने अलीकडे वाढली, आणि त्यांच्यासाठी एक कायदा जाणून घेणे आवश्यक आहे. 2001 साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले मासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. म्हणजे मालवणच्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा ‘सहज’ उचलून आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच वर्गातला गुन्हा ठरतो. एडमंड गॉसने जे दुःख नोंदवले, त्यावरचे हे उत्तर दीडशे वर्षे उशिरा का होईना, कागदावर आहे.

मामेभावाची यादी आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिली. जिवंत दगड खोडला. त्याजागी समुद्राला हात न लावता मिळणारा कोरडा सच्छिद्र दगड आला. त्यावर जिवाणू नव्याने वसवावे लागतात, म्हणून जास्त थांबावे लागते. क्षाराचे पाकीट आणि क्षारता मोजायचे साधे उपकरण ठेवले, महागडे दिवे काढले, कारण प्रवाळ ठेवायचेच नाहीत. मासे दोनच: क्लाउनफिशची जोडी, आणि तीही टाकीतच जन्मलेली. हा मासा आज बंदिस्त पाण्यात पैदा करता येतो, हे या इतिहासातले मला सर्वांत आवडलेले वळण. पाळलेला मासा जंगली माशापेक्षा काटक निघतो असे दुकानदारानेही सांगितले, आणि किमतीचा फरक आम्ही गोगलगायींच्या संख्येत वळता केला.

टँक भरून आता तिसरा आठवडा चालू आहे. आत दगड आहेत, पाणी आहे, बुडबुडे आहेत; काचेवर तपकिरी शैवालाचा पातळ थर धरला आहे. मामी रोज येता-जाता विचारते, “अरे, मासे कधी येणार? की नुसतं पाणीच पाळलंय?” तो वहीत अमोनियाचा आकडा लिहितो, गेल्या मंगळवारच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि म्हणतो, “अजून नाही.”